उतरणाऱ्या रेषेचाही ‘चढ’च?

धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या दहावीच्या भूमितीत ‘रेषेचा चढ’ असतो. रेषा खाली येत असली तरी चढच? आणि शिकवणीचे सर ‘ढाल’ म्हणतात, ते चालेल का?

नाही चालणार. ढाल मावळ्याच्या हाती शोभते, रेषेला कशाला? हिंदीतल्या त्या ढालीचा मराठी भाऊ ‘ढाळ’, कुठल्याही गवंड्याला विचारा. आमच्या न्हाणीचा ढाळ त्याने दाराकडे काढून ठेवलाय, रोज आंघोळ झाली की मी पाणी उलटं ओढत बसतो. सरांना ‘ळ’ जमत नसेल तर त्यांनी सरळ स्लोप म्हणावं.

खरी गंमत ‘उतार’ शब्दात आहे. ‘उत्’ म्हणजे वर. मग उतार खाली कसा गेला? माझ्या मते नदीमुळे. संस्कृतात ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पार होतो. नाव पैलतीरी लागली की माणूस पार झालेला असतो आणि त्याच वेळी नावेतून खाली पाय टाकत असतो. शब्दाची दिशा तिथेच फिरली! नदी पायी ओलांडायची जागा म्हणजे उतार, आणि प्रवासी म्हणजे उतारू. हा शब्द ‘अवतार’वरून आला असं छातीठोकपणे सांगणारे पंडित मला भेटतात. एसटीच्या उतारूंमध्ये त्यांना कोणता अवतार दिसतो, कोण जाणे.

‘चढ’ही जुनाच. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘आरुह्’साठी, म्हणजे वर चढण्यासाठी, दोन धातू दिले: चड आणि वलग्ग. दुसऱ्याचं आपल्याकडे ‘वळघणे’ झालं, ज्ञानेश्वरीच्या काळात ते चांगलं चलनात होतं. आज वळघणे गेलं, चढणे उरलं. हळहळ वाटते.

हां, प्रश्न. भूमितीतला चढ म्हणजे एक संख्या: उजवीकडे एक घर सरकलं की रेषा किती वर जाते. खाली आली तर ऋण चढ, आडवी असेल तर ०. उभी रेषा उजवीकडे सरकतच नाही, त्यामुळे शून्याने भागावं लागतं, म्हणून तिचा चढ ठरवताच येत नाही. दोन रेषांचा चढ सारखा असेल तर त्या समांतर. मोजपट्टी एकच लागते, म्हणून नावही एकच.

आणि हे ज्यांना कळत नाही ते बातम्या वाचतात. समजा, नागपूरच्या कळमना बाजारात टमाटर एका आठवड्यात ३० रुपयांवरून ४० वर गेले, पुढच्या आठवड्यात ४० वरून ४४ वर. कागदावर दोन रेषा काढा: पहिलीचा चढ आठवड्याला १०, दुसरीचा ४. दोन्ही वरच चालल्यात, दुसरी जरा दमाने. पण टीव्हीवर लगेच ‘भाव उतरले’! अहो, चढ उतरला, भाव नाही. त्या बातम्या वाचणाऱ्या बाईंना पिशवी देऊन एकदा कळमन्याला धाडा, ४४ देऊन येतील.