स्टोव्ह बंद केल्यावर घरात धूर: आधी आग विझते की पंखा थांबतो, ते बघा

तुमचा पेलेट स्टोव्ह (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारा) चालू असताना छान जळतो, घरात वासही येत नाही; पण बंद केल्यावर दहा-बारा मिनिटांनी खोली धुरकट होते, आणि दाराचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी कडेची पट्टी, बदलूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या दहा-बारा मिनिटांतच बरंचसं उत्तर दडलेलं आहे.

त्याआधी एक काम आजच करा. स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर लावा. ज्योतीने जळणाऱ्या लाकडापेक्षा धुमसणारं लाकूड हा वायू जास्त सोडतं, आणि त्याला ना रंग ना वास. अलार्म वाजला तर सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि बाहेरूनच मदतीला फोन करा. कारण शोधण्याचं काम नंतरचं.

आता मूळ मुद्दा. स्टोव्ह चालू असताना धूर ओढणारा पंखा भट्टीतला दाब खोलीपेक्षा किंचित कमी ठेवतो. म्हणून दाराला बारीक फट असली तरी खोलीतली हवाच आत जाते. पंख्याच्या पुढच्या नळीत मात्र उलटं असतं: तिथे धूर ढकलला जात असतो आणि सांधा कच्चा असेल तर तो बाहेर झिरपतो. बंदचं बटण दाबल्यावर सुरुवातीला फक्त ऑगर, म्हणजे पेलेट आगीकडे ढकलणारा फिरता स्क्रू, थांबतो आणि नवे पेलेट पडत नाहीत. धुराचा पंखा पुढेही चालू राहून उरलेले पेलेट जाळून संपवतो आणि नळी गार झाली की थांबतो. निखारे जिवंत असतानाच तो थांबला, तर ओढ संपते आणि धूर मिळेल त्या वाटेने घरात येतो.

म्हणून एका संध्याकाळी दिवे मंद करून, घड्याळ घेऊन स्टोव्हसमोर बसा. दार उघडू नका, काचेतूनच बघा. बटण कधी दाबलं, ज्योत कधी गेली, निखाऱ्यांचा लाल रंग कधी गेला, धुराचा पंखा कधी थांबला आणि पहिला वास कधी आला, या पाच वेळा लिहून ठेवा. स्टोव्हला पंखे दोन असतात. खोलीत गरम हवा सोडणारा वेगळा आणि धूर ओढणारा वेगळा. आवाजावरून गल्लत होते, तेव्हा समोरच्या जाळीतून हवा येतेय का ते हाताने तपासा. ती थांबली तरी मागचा पंखा चालू असू शकतो.

पंखा थांबताना निखारे लाल असतील, तर तो लवकर थांबतोय किंवा बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भोकांच्या भांड्यात, पेलेट जास्त उरतायत. माझ्याकडे पहिलं कारण निघालं होतं. जवळजवळ एक अख्खा हिवाळा मी दार आणि सांधे तपासण्यात घालवला. शेवटी पंख्याजवळच्या नळीवर बसवलेल्या तापमानाच्या छोट्या स्विचकडे लक्ष गेलं. बऱ्याच मॉडेलांत नळीचं तापमान साधारण ४५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं की तो पंखा बंद करतो. माझ्या स्टोव्हमध्ये त्या जागी आतून राखेचा जाड थर चिकटला होता, त्यामुळे धुराची धग स्विचपर्यंत पोचतच नव्हती. नळी गार झाली असं समजून तो सात मिनिटांत पंखा थांबवायचा. राख खरवडून काढल्यावर पंखा वीस मिनिटं चालायला लागला आणि वास गेला. साफ करूनही फरक पडला नाही तर स्विचच बिघडलेला असू शकतो. तो त्याच तापमानाचा घ्या, अंदाजाने दुसरा लावू नका. काही नव्या मॉडेलांत स्विचऐवजी सेन्सर आणि कंट्रोल बोर्ड असतो, तिथे हे काम तंत्रज्ञाचं.

पेलेट जास्त उरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बर्न पॉटची बुजलेली भोकं. राख वितळून तिचे कडक खडे होतात, खालून हवा मिळत नाही आणि वरचा ढीग जळण्याऐवजी धुमसतो. खडे फोडून काढा आणि प्रत्येक भोक टोच्याने मोकळं करा. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं स्टोव्ह सर्वांत कमी पातळीवर चालवला तर ढीग आपोआप लहान होतो. पेलेट ओलसर असतील तरी हेच होतं. युरोपातल्या ईएनप्लस ए१ दर्जात ओलाव्याची मर्यादा १० टक्के आणि राखेची ०.७ टक्के आहे. पोत्यावरचे आकडे त्यांच्याशी ताडून बघा आणि पोतं जमिनीला टेकवून ठेवू नका.

पंखा चालू असतानाच वास आला तर शोध वेगळ्या दिशेने करायचा. अंधारात टॉर्च घेऊन नळीच्या प्रत्येक सांध्यावर उजेड टाका; तपकिरी किंवा काळा ओघळ दिसला तर धूर तिथूनच येतो. पंखा मंद झाला असेल तर त्याच्या पात्यांवरची काजळी काढा. त्यासाठी स्टोव्ह पूर्ण गार हवा, प्लग काढलेला हवा, आणि पंखा पुन्हा बसवताना त्याचं गॅस्केट बहुधा नवं लागतं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट किंवा कपडे वाळवायचं यंत्र चालू असेल तर घरच स्टोव्हमधून हवा ओढतं. ते सगळं बंद ठेवून आणि खिडकी दोन बोटं उघडून पुन्हा बघा. वास गेला तर स्टोव्हला जळणाची हवा बाहेरून देणारी वेगळी नळी बसवून घ्या.

धूर हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या टाकीच्या, झाकणातून येत असेल तर ते गंभीर समजा. ऑगरच्या नळीतले पेलेट मागे मागे पेटत हॉपरकडे येत असू शकतात. कारण सापडेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

दाराचं गॅस्केट बदलूनही फरक का पडला नाही, हे आता लक्षात येईल. पंखा थांबल्यावर धूर आत साचत असेल तर तो एका फटीऐवजी दुसरीतून येतो. तरी गार स्टोव्हच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ती ओढून बघा. चारही बाजूंनी ती घट्ट धरली गेली पाहिजे.

नळीचा आकारही कळवा. भिंतीतून आडवी बाहेर गेलेली नळी सर्वस्वी पंख्यावर अवलंबून असते. पंखा थांबला की तिला ओढ उरत नाही. तीच नळी चार-पाच फूट उभी वर नेली तर गरम धूर स्वतःहून चढत राहतो. वीज गेल्यावर हाच उभा भाग घर वाचवतो. पण वळणं वाढवताना हिशोब ठेवा. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत आडव्या नळीच्या प्रत्येक फुटाला १, उभ्या फुटाला अर्धा आणि ९० अंशाच्या प्रत्येक वळणाला ५ असे अंक धरतात, आणि बेरीज १५ च्या वर गेली की ३ इंची नळीऐवजी ४ इंची लावायला सांगतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे असेल तेच पाळा.

स्टोव्ह बंद करायला प्लग कधीही ओढू नका, भिंतीवरचं बटणही दाबू नका. आग तशीच राहते, फक्त पंखा जातो. वीज वारंवार जात असेल तर शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या. पंखा थांबेपर्यंत चालेल एवढी त्याची बॅटरी हवी.

राख उपसायची ती झाकणाच्या धातूच्या बादलीत, आणि बादली घराबाहेर ठेवा. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने ती ओढू नका. राखेत लपलेला निखारा कित्येक तास जिवंत राहतो आणि व्हॅक्यूमची पिशवी पेटवू शकतो.

बंद केल्यावर बाहेरच्या तोंडातून थोडा वेळ पांढरट धूर दिसला तर घाबरू नका, तो जायला हवा तिथेच जातोय. मला त्या पाच वेळा, धूर पहिल्यांदा कुठे दिसला ती जागा आणि नळीला किती वळणं आहेत ते सांगा. मग तुमच्या स्टोव्हचं नेमकं काय ते बघू.