भट्टीचे ऋतुमान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे राहतो. येथे स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास कायद्याची आडकाठी नसल्यामुळे गॅरेजमध्ये पंचवीस लिटरचे विजेवर चालणारे उपकरण ठेवले आहे. जानेवारीत, म्हणजे येथील भर उन्हाळ्यात, साखरेचा सडवा (गाळण्यासाठी आंबवलेले साखरेचे पाणी) चार दिवसांत तयार झाला. पण गाळल्यावर त्याला नेलपॉलिश काढण्याच्या द्रावासारखा उग्र वास आला. तीच साखर, तेच यीस्ट आणि तेच प्रमाण घेऊन जुलैच्या थंडीत पुन्हा सडवा घातला, तर तीन आठवडे उलटले तरी घनतामापक १.०३० वर अडून बसला आहे. फेब्रुवारीत कंडेन्सरच्या तोंडातून वाफ बाहेर येत होती, ती हिवाळ्यात कधीच येत नाही. माझे काही चुकते आहे, की हा हवामानाचा खेळ आहे? अंगणात फीजोआचे (पेरूसारख्या हिरव्या फळाचे) झाड आहे, त्याच्या फळांचे काही करता येईल का?

उत्तर : आपले प्रमाण चुकलेले नाही. नवख्या माणसाचे सारे लक्ष आचेवर असते. परंतु आपला विजेचा हीटर जानेवारीत जेवढी उष्णता देतो तेवढीच जुलैतही देतो. ऋतू बदलला की बदलतो तो गारवा, आणि या उद्योगात गारव्याची गरज दोन ठिकाणी असते : सडवा आंबत असताना पिंपात, आणि वाफेचे पाणी होताना कंडेन्सरमध्ये. आपल्या सगळ्या तक्रारी या दोन जागांच्या आहेत.

आधी पिंप पाहू. यीस्ट साखर खाते तेव्हा स्वतः उष्णता निर्माण करते, आणि ही उष्णता वाटते तितकी किरकोळ नसते. पाच किलो साखर पंचवीस लिटर पाण्यात आंबली आणि उष्णता बाहेर जाण्यास मुळीच वाट मिळाली नाही, तर हिशेबाने ते पाणी साधारण २५ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता पिंपाच्या अंगातून निघून जाते. तरीही आंबवण जोरात असताना पिंपाच्या पोटातील तापमान गॅरेजपेक्षा पाच-सहा अंशांनी वर असणे अगदी नेहमीचे आहे. जानेवारीत गॅरेज २८ अंशांवर असेल, तर आपला सडवा ३४ अंशांवर उकडत होता असे समजा. अशा उकाड्यात यीस्ट काम झपाट्याने उरकते खरे, पण घाईत इथाइल ॲसिटेट आणि डोके धरणारी जड अल्कोहोले यांचा पसारा मागे ठेवते. आपल्याला आलेला वास बहुधा इथाइल ॲसिटेटचा आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून ज्या मद्याची फुशारकी मारली जाते, त्याच पहिल्या धारेत हे द्रव्य सर्वांत जास्त उतरते. त्यामुळे उन्हाळ्यातील सडवा गाळताना सुरुवातीचा भाग नेहमीपेक्षा सढळ हाताने बाजूला काढावा आणि ओतून द्यावा.

उपाय अर्थात आंबवतानाच करणे चांगले. तयारी सायंकाळी करावी, पिंप काँक्रीटच्या फरशीवर टेकवून ठेवावे, आणि त्याच्याभोवती ओले कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या परातीत सोडावे. म्हणजे पिंपाचा माठ करावा. आपल्या भागात उन्हाळ्यात डोंगर ओलांडून जो उष्ण आणि कोरडा वायव्येचा वारा सुटतो, त्या वाऱ्यात ही युक्ती उत्तम चालते. ऑकलंडच्या दमट हवेत राहणाऱ्या मित्राला मात्र हीच युक्ती सांगाल, तर तो आपल्याला दोष देईल.

हा भेद मी नोकरीत शिकलो. पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या आसवनीत मी कामाला होतो. तेथे मळीच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी मनोऱ्यावरून वाऱ्यात सोडून गार केले जाई. नवा असताना माझी ठाम समजूत होती की एप्रिल हा आमचा शत्रू आणि जुलै हा मित्र. नोंदवही नेमके उलटे सांगत होती. हवा ३८ अंश तापलेली, पण आर्द्रता २५ टक्के, अशा दिवशी बाष्पीभवनाने पाणी तेवीस अंशांपर्यंत उतरण्यास वाव असतो. पावसाळ्यात हवा २८ अंशांची, पण आर्द्रता ९० टक्के असेल, तर ते सव्वीसच्या खाली जाऊच शकत नाही. आषाढात माठातील पाणी कोमट का लागते, याचे उत्तर माझ्या आजीला ठाऊक होते. मला ते कळण्यासाठी एक अख्खा पावसाळा टाक्यांच्या तापमानाशी झटापट करावी लागली.

आता जुलैतील अडलेला सडवा. तो मेलेला नाही, गारठला आहे. थंडीत यीस्ट सुस्तावते आणि तळाशी बसून राहते, इतकेच. येथे अधीर होऊन आणखी साखर किंवा आणखी पाकीटभर यीस्ट टाकू नये. थंडीच्या दिवसांत विरजण लागावे म्हणून आपली आई दह्याचे भांडे कापडात गुंडाळून उबेला ठेवत असे. तोच उपचार येथे लागू पडतो. पिंप फरशीवरून उचलून लाकडी फळीवर किंवा थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवावे, भोवती जुनी गोधडी गुंडाळावी, आणि दिवसाला दोन-तीन अंश अशा बेताने सडवा २२ ते २४ अंशांपर्यंत आणावा. मग स्वच्छ डावाने तळाचा गाळ अलगद वर आणावा. एकदा आंबवण पुन्हा सुरू झाली की वर सांगितलेली यीस्टची स्वतःची उष्णता आपल्या मदतीला येते. उन्हाळ्यात जो ताप होता तोच हिवाळ्यात आधार होतो. साखरेचा सडवा पूर्ण झाला की मापक १.००० च्या खाली, ०.९९० च्या आसपास स्थिरावतो. तो तेथे पोहोचण्यापूर्वी गाळण्याची घाई केल्यास न आंबलेली साखर हीटरच्या दांडीवर जळते, आणि तो करपट वास नंतर कशानेही जात नाही.

स्थिर थंडीपेक्षा अचानक होणारा बदल अधिक वाईट, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या भागात वायव्येचा उष्ण वारा पडून दक्षिणेचा थंड वारा सुटला की पारा पाहता पाहता दहा अंशांनी उतरतो. अशा दिवशी पत्र्याच्या गॅरेजमधील उघडे पिंप हमखास अडते. त्यामुळे गोधडी केवळ जुलैसाठी नाही. ती डिसेंबरातही हाताशी असावी.

कंडेन्सरमधून वाफ सुटण्याचे कारण सरळ हिशेबाचे आहे. दोन किलोवॉटचा हीटर जेवढी उष्णता आत घालतो, जवळजवळ तेवढी थंड पाण्याला बाहेर न्यावी लागते. नळाचे पाणी १० अंशांवर आत शिरून ५० अंशांवर बाहेर पडत असेल, तर मिनिटाला साधारण पाऊण लिटर पाणी पुरते. तेच पाणी २२ अंशांवर आत येऊ लागले, तर लिटरभर लागते. चार तासांच्या कामाला हा फरक १७५ लिटर आणि २४५ लिटर इतका पडतो. आपण नळाची चावी जुलैतील खुणेवर ठेवून फेब्रुवारीत काम केले असावे. पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण शंभर लिटरच्या पिंपातील तेच पाणी फिरवत राहतात. दोन किलोवॉटवर दोन तासांत ते पाणी सुमारे ३४ अंशांनी तापते. म्हणजे हिवाळ्यात १० वरून ४४ वर जाऊन कसेबसे निभते. उन्हाळ्यात ते ५६ वर पोहोचते आणि वाफ सुटते. उन्हाळ्यात एक तर पिंप मोठे घ्यावे, नाही तर आच कमी करून वेळ वाढवावा. वाफ दिसणे म्हणजे केवळ माल वाया जाणे नव्हे. ती अल्कोहोलची वाफ आहे आणि ठिणगी मिळाली तर ती पेटते. शुद्ध अल्कोहोलवर पेट घेण्याजोगी वाफ साधारण १३ अंशांवरच तयार होते, आणि ४० टक्क्यांच्या मद्यावर ती २६ अंशांच्या आसपास होते. उन्हाळ्यातील गॅरेज या दोन्ही आकड्यांच्या वर असते. हिवाळ्यात धोका दुसऱ्या दाराने येतो : थंडी वाजते म्हणून माणूस दारे-खिडक्या लावून घेतो आणि शेजारी हीटर पेटवतो. गाळताना खिडकी उघडी हवी, मग बाहेर दहिवर पडलेले असले तरी.

मद्यमापकाविषयी आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. ते काचेचे नळकांडे २० अंशांसाठी आखलेले असते. खरोखर ४० टक्के असलेले मद्य ३० अंशांवर मोजले तर मापक ४४ च्या जवळ दाखवतो आणि १० अंशांवर मोजले तर ३६ च्या जवळ. म्हणजे उन्हाळ्यात आपली कामगिरी उगीच भारी वाटते. नमुना बरणीत घालून २० अंशांवर आणावा आणि मगच वाचावा. तसेच, थर्मामीटरवर अमुक अंश दिसला की धार गोळा करण्याचे भांडे बदलायचे, हा नियम पाठ करून ठेवू नये. वादळी दिवशी हवेचा दाब १०३० वरून ९९० हेक्टोपास्कलवर उतरला, तर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो, आणि अल्कोहोलचेही तसेच होते. नाक आणि जीभ यांना हवामानाचा हा भुलावा पडत नाही.

फीजोआविषयी. हे फळ शरद ऋतूत, म्हणजे न्यूझीलंडमध्ये मार्च ते मे या काळात, पिकून आपोआप झाडाखाली पडते, आणि पडलेलेच उत्तम असते. तो काळ आंबवण्यासाठी आपल्या वर्षातील सर्वांत सोयीचा आहे, कारण ना उकाडा असतो ना गारठा. पडलेली फळे रोज वेचावीत, बुरशी लागलेली टाकावीत. एक सावधगिरी : फळांतील पेक्टिनपासून थोडे मेथॅनॉल तयार होते, जे साखरेच्या सडव्यात जवळजवळ नसते, आणि ते केवळ पहिल्या धारेतच उतरते ही समजूत बरोबर नाही. म्हणून गर उकळू नये, साली व चोथा काढून रसच आंबवावा. कायद्याचे म्हणाल तर न्यूझीलंडने १९९६ मध्ये दिलेली मोकळीक स्वतःच्या वापरापुरती आहे. बाटली विकली की ती मोकळीक संपली. ऑस्ट्रेलियातील नातेवाइकांना हा छंद शिकवू नये, तेथे परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा आहे.

प्रश्न : आमचे गाव दोडामार्गजवळ, गोव्याच्या हद्दीला लागून आहे. गोव्यातील पाहुणे एप्रिलमध्ये हुर्राक देतात, पण पावसाळ्यात मागितली तर हसतात. फेणी मात्र वर्षभर मिळते. फळ तर एकच आहे, मग असे का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : पाहुणे हसतात ते बरोबरच आहे. काजूची बोंडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत पिकतात. गोव्यातील जुन्या पद्धतीत ती झाडावरून तोडत नाहीत. गळून पडलेली वेचतात, बी पिळून वेगळी करतात, बोंडे पायांनी तुडवतात आणि चोथ्याचा ढीग रचून त्यावर वजन ठेवतात. तेव्हा जो शेवटचा गोड रस ठिबकतो त्याला नीरो म्हणतात आणि तो ताजाच प्यायचा असतो. आधी निघालेल्या रसात बाहेरचे यीस्ट घालावे लागत नाही, कारण फळावरचे यीस्ट आणि चैत्र-वैशाखाचा उकाडा दोन-तीन दिवसांत तो आंबवतात. क्राइस्टचर्चच्या वाचकाला जो उकाडा नडला, त्यावरच हा उद्योग उभा आहे. मात्र उग्रपणा त्यातही येतो, आणि फेणीच्या बाबतीत रसिक त्यालाच बाज म्हणतात.

पहिल्यांदा गाळले की हुर्राक मिळते. तिच्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के असते. इतकी सौम्य असल्यामुळे ती फार टिकत नाही. काही आठवड्यांत तिचा फळाचा गंध उडतो आणि चव उतरते. तीच आंबलेल्या रसाबरोबर पुन्हा गाळली की ४२ टक्क्यांच्या वरची फेणी होते, आणि ती काचेत वर्षानुवर्षे राहते. म्हणून वर्षभर मिळते ती साठवणीतली फेणी. पावसाळ्यात काजूच्या भट्टीला मुळात कच्चा माल नसतो. वळवाची एक सर जोरात आली की पडलेली बोंडे पाण्याने भरतात, रस पातळ होतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गोव्यातील भट्टीवाले ढगांकडे आंबेवाल्यांइतक्याच काळजीने पाहतात. माडाच्या फेणीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिला लागणारी माडी वर्षभर मिळू शकते. आपल्या गावी मात्र हद्दीच्या अलीकडे महाराष्ट्राचा कायदा चालतो, हे विसरू नये.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर लहानसे उपकरण बसवून छंद म्हणून प्रयोग करावा असा विचार आहे. कोणता ऋतू योग्य? — एक वाचक, पुणे

उत्तर : मद्यासाठी विचारत असाल तर कोणताही नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी भट्टी किंवा साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे; ‘स्वतःपुरते’ ही सबब चालत नाही.

ऊर्ध्वपातनाचीच हौस असेल तर गुलाबजल करावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ पुण्यात त्यासाठी चांगला : देशी गुलाब सूर्योदयापूर्वी खुडावा, कारण ऊन चढले की सुगंध उडू लागतो. पातेल्यात पाकळ्या बुडतील इतके पाणी, मध्ये उंच वाटी, वर उलटे झाकण आणि झाकणावर बर्फ, एवढे साहित्य पुरते. हिवाळ्यात झाकणावरचे नुसते गार पाणी दोन-तीनदा बदलले तरी काम होते. मेमध्ये करायचे झाल्यास बर्फाचे तीन-चार ट्रे आधीच भरून ठेवावेत. झाकण हाताला कोमट लागले की वाटीत पडणारा थेंब थांबतो आणि सुगंध पाकळ्यांतून निघून स्वयंपाकघरभर पसरतो, वाटीत काही उरत नाही.