पावसाळ्यात हॉलमध्येच नव्या मुलांची ओळख करून द्यायला कोणते खेळ घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की प्रथम वर्षाची साठेक मुलं-मुली आहेत, बाहेर जुलैचा पाऊस, हाताशी एक हॉल आणि दोन-अडीच तास. तर एकमेकांशी बोलायला लागतील असे कोणते खेळ घ्यावेत. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते, एनएसएसचं कामही बघते. दर पावसाळ्यात हा प्रश्न माझ्यापुढेही असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"पुढे ये, नाव सांग, छंद सांग" हा प्रकार सुरुवातीला अजिबात ठेवू नका. वाडीवरून पहिल्यांदाच शहरात शिकायला आलेल्या मुलीला साठ अनोळखी चेहऱ्यांपुढे उभं केलं, की ती कसंबसं नाव सांगते आणि मग दिवसभर तोंड उघडत नाही. चुकलेल्याला 'आऊट' करणारे खेळही नकोत. संगीत खुर्चीत आधी बाहेर कोण पडतं? जो बुजरा आहे, ढकलाढकली करत नाही, तोच. म्हणजे ज्याच्यासाठी खेळ मांडला तोच भिंतीला टेकून बघत बसतो. आधी सगळ्यांनी मिळून एकदम, मग आठ-दहा जणांच्या गटात, आणि एकट्याने पुढे यायचंच झालं तर अगदी शेवटी, तेही स्वतःहून. खेळ कुठलेही निवडा, पण हा क्रम सांभाळा.

सुरुवात 'नकाशा'ने करा. हॉलची एक लांब भिंत म्हणजे समुद्र. समोरच्या बाजूला बाकांची रांग लावायची, तो सह्याद्री. एका टोकाला रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेचं मंडणगड, दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गाच्या दक्षिणेचं दोडामार्ग. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपलं गाव जिथे असेल तिथे जाऊन उभं राहायचं. फळ्यावर नकाशा काढायचा नाही आणि मोबाइल खिशात. त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतरच नसतं. "तू खयचो?" "लांज्याच्या अलीकडे की पलीकडे?" "अरे, देवरुख तिकडे डोंगराकडे, तू समुद्रात उभा आहेस!" पाच मिनिटं नुसता कल्ला होतो आणि त्या कल्ल्यात कोण बुजरं आणि कोण धीट हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मुंबईत वाढलेल्यांनी आपलं मूळ गाव किंवा आजोळ धरायचं. 

बाकांच्या रांगेत चार फटी ठेवायच्या, ते चार घाट: कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि आंबोली. कराड-कोल्हापूरकडची मुलं आधी बाकांच्या पलीकडे उभी राहतात आणि मग आपापल्या घाटाने खाली उतरतात. ती उतरताना सगळ्या हॉलने तोंडाने एस.टी.चा आवाज काढायचा. घाटावरचा म्हणून एरवी कोपरा धरणारा मुलगा त्या क्षणी सगळ्यांचा पाहुणा होतो. 

एका वर्षी दाभोळचा मुलगा आणि धोपाव्याची मुलगी हातभर अंतरावर येऊन थांबले. मध्ये वाशिष्ठीची खाडी. तो दापोली तालुक्यातला, ती गुहागरची, आणि दोघंही लहानपणापासून त्याच फेरीबोटीतून ये-जा करणारी. "मग तू आमच्या बाजूला कुठे उतरतेस?" इथून त्यांचं जे बोलणं सुरू झालं, ते मला पुढच्या खेळासाठी थांबवावं लागलं.

नकाशावर शेजारी आलेल्यांचाच गट मात्र करू नका, ती मुलं पुन्हा आपापल्यातच राहतील. मंडणगडाच्या टोकापासून एक ते सहा असे आकडे म्हणवून घ्या. सगळे 'एक' एका गटात, सगळे 'दोन' दुसऱ्या. प्रत्येक गटात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतची साधारण दहा जणं येतात.

आता गटांत 'हातांची गाठ'. दहा जणांनी गोलात तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताने समोरच्या कुणाचा तरी हात धरायचा, डाव्या हाताने दुसऱ्याच कुणाचा. लगतच्या शेजाऱ्याचा हात चालत नाही. मग हात न सोडता, वाकून, खालून जाऊन, ओलांडून गाठ सोडवायची. कधी एक मोठं रिंगण होतं, कधी एकमेकांत अडकलेली दोन रिंगणं होतात, तर कधी गाठ सुटतच नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती हिरमुसतात. आपल्याकडे पहिल्याच दिवशी मुला-मुलींना एकमेकांचा हात धरायला अवघड वाटतं, आणि त्यात काही चूक नाही. प्रत्येक दोन हातांमध्ये एक रुमाल द्या, दोघांनी त्याची दोन टोकं धरायची. खेळ तोच राहतो, संकोच जातो. हात थोडे लांबल्यामुळे गाठ सोडवायलाही सोपं पडतं. 

त्यानंतर लगेच 'मुकी रांग': एक शब्द न बोलता, फक्त खुणांनी, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर अशी वाढदिवसाप्रमाणे गटाची रांग लावायची. मग एकेकाने मोठ्याने तारीख सांगायची. दोन वाढदिवस जुळले की हमखास टाळ्या पडतात.

कानगोष्टी सगळ्यांना माहीत असतात, पण त्यात वाक्य मालवणीतलं किंवा संगमेश्वरी बोलीतलं द्या आणि रांगेच्या मध्यावर घाटावरची मुलं बसवा. वर पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर आणखी मजा. शेवटी जे वाक्य बाहेर पडतं ते ऐकून मूळ वाक्य सांगणाऱ्याला ते नीट उच्चारून दाखवायची इच्छा होतेच. आपली बोली कॉलेजात लपवायची नसते हे मुलांना तिथे न सांगता समजतं.

दमशेराज घ्यायचं असेल तर सिनेमांऐवजी म्हणी द्या. सगळ्यांनी सगळे सिनेमे पाहिलेले नसतात, पण 'नाचता येईना अंगण वाकडे' सगळ्यांना येतं. अभिनय एकट्याने नाही, चौघांनी मिळून करायचा. 'कोल्हा काकडीला राजी'मध्ये एकाला काकडी व्हावंच लागतं, आणि बहुधा गटातला सगळ्यात शांत मुलगा आपणहून काकडी होतो. 

वेळ उरला आणि सिंधुदुर्गातली मुलं असतील तर दशावताराची, म्हणजे तिकडच्या जत्रांतल्या लोकनाट्याची, रीत वापरून बघा. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. प्रत्येक गटाला एक प्रसंग द्या, समजा 'हॉस्टेलच्या मेसमध्ये संकासुर (दशावतारातला राक्षस) आला', आणि पाच मिनिटांची तयारी. जत्रांतून रात्र रात्र जागलेली मुलं काय रंगत आणतात ते प्रत्यक्षच बघावं.

'दोन खरं, एक खोटं' (स्वतःविषयी तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी कोणती ते इतरांनी ओळखायचं) मी पहिल्या तासात घेत नाही. स्वतःविषयी सांगण्याजोगं काही नाही असं वाटणारी मुलं त्यात अडकतात. ओळख झाल्यावर, जोडीजोडीने घेतलं तर छान रंगतं. राजा-राणी-चोर-शिपाई चौघांचा खेळ, तो हॉस्टेलच्या खोलीत रात्री.

एक गोष्ट कळकळीने सांगते. खेळ घेणारे सीनियर असतील तर 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्याला शिट्टी द्या, गुण लिहायला बसवा, घड्याळ बघायला सांगा. ओळखीच्या नावाखाली एखाद्याला नाचायला लावणं, त्याच्या बोलण्याची नक्कल करणं हा खेळ नव्हे. आपल्या राज्यात 1999पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायद्याची आठवण करून द्यायची वेळ यावीच कशाला? खेळाचे नियम सांगतानाच हा नियम सगळ्यांत आधी सांगा.

बाकी तयारी साधी आहे. माइक किंवा प्रोजेक्टर लागेल असा एकही खेळ ठेवू नका, वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेलीच तर भेंड्या आहेतच. दाराशी गोणपाट टाका, छत्र्या व्हरांड्यात ठेवायला सांगा, कारण ओल्या लादीवर पाय सटकतो. 'मामाचं पत्र हरवलं' घेतलंत तर पळायचं नाही, पावलाला पाऊल लावून चालायचं. गावाकडच्या एस.टी.च्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्या आणि कार्यक्रम त्याआधी अर्धा तास संपवा, नाहीतर शेवटच्या खेळात निम्मी मुलं घड्याळाकडेच बघत राहतील. आणि रुमाल तुमचे तुम्हीच न्या, साठ मुलांसाठी साठ.