पट्टीचा शेवटचा तुकडा

प्रश्न : काका, आम्ही संकेश्वरचे. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या गडहिंग्लजहून आणतो. या वेळची गोळी पट्टीतून काढली की बोटांतच भुरभुरते. पट्टीवर पत्ता हिमाचलातल्या बद्दीचा. तक्रार कुठं करायची? कर्नाटकात, महाराष्ट्रात की हिमाचलात?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : ताई, औषध जिथं विकलं गेलं, तिथल्या औषध निरीक्षकाकडं. औषधांचा कायदा देशभर एकच, १९४०चा, पण राबवतं राज्य. गडहिंग्लज महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. तेव्हा तुमचा अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात जाईल. कारखान्याचा परवाना हिमाचलचा. तिथवरचा पत्रव्यवहार ते खातं बघेल.

सासऱ्यांच्या गोळ्या मात्र बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या बॅचच्या आणा. जुनी पट्टी आणि बिल जपून ठेवा.

पट्टीवर बारीक अक्षरांत बॅच नंबर, मुदत आणि उत्पादन परवान्याचा नंबर असतो. दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नेमका हा तुकडा त्याच्याकडं राहतो, म्हणून छापील बाजूचा तुकडा मागून घ्यायचा. कधी पट्टीवर दोन नावं असतात, एक बनवणाऱ्याचं, दुसरं विकणाऱ्या कंपनीचं. अर्जात दोन्ही लिहा. १ मार्च २०२१पासून विकणारी कंपनीही दर्जाला जबाबदार आहे.

‘माल कुठून आला, मला काय माहीत,’ असं दुकानदाराला निरीक्षकापुढं म्हणता येत नाही. कलम १८-अ प्रमाणं त्याला पुरवठादाराचं नाव-पत्ता सांगावाच लागतो. नाही सांगितला तर वर्षभरापर्यंत कैद, किमान वीस हजार दंड, किंवा दोन्ही. माझं खडेबाजारात दुकान होतं, तेव्हा एका खोकल्याच्या औषधाचं खरेदीबिल मागितलं गेलं. बिलं तारेत ओवलेली, आणि नेमकं तेच सापडेना. दिवेलागणीपर्यंत तार उपसत बसलो. मिळालं ते गल्ल्याखाली, चहाचा डाग पडलेलं. दुसऱ्या दिवशी फाइल आणली.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर कलम २६ खाली फी भरून सरकारी विश्लेषकाकडं नमुना देता येतो, सहीचा अहवाल मिळतो. त्यासाठी न फोडलेली पट्टी शिल्लक असेल तर बरं.

अर्ज मराठीतच लिहा, कोल्हापूरला चालतो. गोळ्या संकेश्वरातच घेतल्या असत्या, तर बेळगावच्या कार्यालयासाठी शेजारच्या मास्तरांकडून कानडीत लिहून घ्या म्हटलं असतं.