गावच्या घरात सापडलेलं गंजलेलं खुरपं आणि कुदळ बागेत वापरता येईल का, की नवीन घेऊ?

नवीन अजिबात घेऊ नका, जुनं लोखंड बहुतेक वेळा बाजारातल्या पातळ पत्र्याच्या खुरप्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं. आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग पातं रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा (लाकडी मूठ बाहेर राहू द्या हां), सकाळी काळपट चिखलासारखा थर सुटून येतो तो घासून काढायचा आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर तासाभरात परत केशरी डाग दिसायला लागतात.

धार कानशीने लावा, ग्राइंडरच्या नादी लागू नका. त्याने पातं तापतं, आणि कड निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं (कडकपणा गेला), मग लोहाराकडे नेऊन परत पाणी पाजून घ्यावं लागतं. खुरप्याला अगदी वस्तऱ्यासारखी धार नकोच, दगड लागला की तुकडा उडतो.

कुदळीचा दांडा हलत असेल तर लोक पाण्यात भिजवून ठेवतात, तेवढ्यापुरता घट्ट बसतो पण वाळला की पुन्हा ढिला, त्यापेक्षा पाचर मारा, आणि दांड्याला चीर असेल तर सरळ बाभळीचा नवा बसवा. लाकडाला जवसाचं तेल मस्त, फक्त पुसलेलं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा.