कॅडेटशिपला अप्लाय करतोयस ना, मग आधी हे वाच

माझी आई साताऱ्याची, बाबा नूंगार (पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागातले अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथले मूळ रहिवासी), त्यामुळे तुझ्या अर्ध्या भारतीय, अर्ध्या अ‍ॅबोरिजिनल घरातला गोंधळ मला माहितीये. ऑस्ट्रेलियन सरकारच्या, आपल्यासारख्या अ‍ॅबोरिजिनल पोरांसाठीच्या सायन्स-इंजिनिअरिंग कॅडेटशिपमधे साधारण असं असतं की तू फुलटाइम शिकत राहतोस, त्याचे पैसे मिळतात, आणि सुट्ट्यांमधे वर्षाला १२ आठवड्यांच्या आसपास पगारी काम. मार्कांचं टेन्शन घेऊ नकोस, पोरं अडकतात ती कागदांवर. अ‍ॅबोरिजिनल असल्याचा कागद लागतो, म्हणजे वंश, तू स्वतः तसं मानतोस, आणि समाजही तुला आपला मानतो, या तिन्ही गोष्टी. त्यावर अ‍ॅबोरिजिनल संस्थेचा शिक्का हवा आणि तो कमिटीच्या मीटिंगशिवाय पडत नाही, माझा याच नादात अर्जाचा एक राउंड हुकला, म्हणून आजच फोन कर. आजीला सोबत ने, तिला सगळे ओळखतात, तुझं काम पटकन होईल.

डिफेन्सच्या लॅबमधे जायचं असेल, म्हणजे अ‍ॅडलेडजवळचं एडिनबरा नाहीतर मेलबर्नचं फिशरमन्स बेंड, तर नागरिकत्व पाहिजेच आणि वर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकार तुझी पार्श्वभूमी तपासून देतं ती मंजुरी. अगदी खालच्या लेव्हललासुद्धा मागच्या ५ वर्षांचे सगळे पत्ते भरावे लागतात, त्याच्या वरच्याला १०. मी जुनी भाडेपावती शोधत रात्री २ वाजता गॅरेजमधे खोकी उपसत होते 😅 भारताच्या ट्रिपा, तिकडचे मामा-मावश्या, विचारलं की सरळ सगळं लिही, लपवलंस तर तेच जास्त वाईट दिसतं.

आणि हो, अ‍ॅबस्टडी (अ‍ॅबोरिजिनल विद्यार्थ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) घेत असशील तर कॅडेटशिपचे पैसे सेंटरलिंकला, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी ऑफिसला, कळव, नाहीतर नंतर वसुलीचं पत्र येतं.