मराठी माध्यमाच्या मुलांना प्रकल्पासाठी भरवशाची माहिती नेटवर कुठे मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम, आणि गुगल केलं की निम्मे व्हिडिओ नि निम्म्या जाहिराती येतात. माझं शाळेसमोरच झेरॉक्सचं दुकान आहे, संध्याकाळ झाली की पोरं हजर, "काका, अमक्याची माहिती काढून द्या, चित्रासकट", त्यामुळे कुठे काय सापडतं ते आता तोंडपाठ झालंय.

सुरुवात तिच्या पाठ्यपुस्तकापासून करा. पुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सरकारचं दीक्षा ॲप घ्या, महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम, इयत्ता निवडा आणि त्यातूनच स्कॅन करा, त्या धड्याचं साहित्य उघडतं. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, तेव्हा हरवलेल्या पुस्तकाची अख्खी झेरॉक्स काढत बसू नका (माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल). वरच्या वर्गाची पण उतरवून ठेवा, कधीकधी सहावीच्या प्रकल्पाला आठवीच्या पुस्तकातलं एखादं पान बरोब्बर बसतं.

मग मराठी विश्वकोश. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं काम, ते खंड आता ऑनलाइन फुकट वाचता येतात. माहिती पक्की, पण भाषा जड, सहावीच्या पोरीला एकटीला झेपणार नाही, शेजारी बसून वाचा. आणि नोंद कधीची आहे ते बघायचंच. आता 'अकोला जिल्हा' घ्या, ही नोंद पहिल्या खंडात, तो निघाला १९७६ साली, म्हणजे लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आणि वाशीम पण त्यातच, कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला १९९८ मध्ये. पोरं आहे तसं उतरवतात आणि बाईंनी लाल शेरा मारला की तोंड पाडून परत माझ्याकडे येतात. म्हणून तिथून नद्या, डोंगर, इतिहास घ्यायचा, तालुके नि आकडे जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवरून घ्यायचे, ती मराठीतही असते. प्राणी-वनस्पतींचा विषय असेल तर त्याच विश्वकोश मंडळाचा कुमार विश्वकोश बघा, तो मुलांसाठीच लिहिलाय.

मराठी विकिपीडिया चालेल, पण लेखाच्या तळाला संदर्भ दिलेत का ते आधी बघायचं, काही लेख दोन ओळींत संपतात.

विज्ञान प्रदर्शन असेल तर अरविंद गुप्तांची साइट. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी, फोटो आणि व्हिडिओसकट, वर मराठी पुस्तकंही भरपूर. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायच्या, खर्च जवळपास शून्य आणि चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही हे पोरीला हातात घेऊन कळतं. तयार थर्माकोलचं मॉडेल विकत आणण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं असं माझं मत. विजेचं सर्किट शिकायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' (PhET) ही साइट आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, स्क्रीनवरच बॅटरी, बल्ब, वायर जोडायची, शॉर्ट केलं तर बॅटरीला आग लागलेली दिसते, पोरं मुद्दाम तेच करून बघतात.

आणि प्रकल्प नसेल तेव्हा 'किशोर'चे जुने अंक. १९७१ पासून निघतंय हे मासिक, बालभारतीनं जुने अंक ऑनलाइन टाकलेत. माझ्या दुकानात लाइट गेली की मीच मोबाइलवर वाचतो.

एक विनंती, प्रिंट काढायला याल तेव्हा पीडीएफ आणा हो, व्हॉट्सॲपवरचे स्क्रीनशॉट नको, अक्षरं फुटतात आणि बोलणी मला बसतात.